'वायोमिंग' : एका लाकडी मालवाहू स्कूनरचा इतिहास आणि अंत (१९०९–१९२४)

प्रस्तावना

सागरी इतिहासाच्या लेखनात आपल्याकडे आरमारे, जलदुर्ग आणि युरोपीय कंपन्यांचा व्यापार यांना जितके स्थान मिळाले, तितके साध्या मालवाहू जहाजांना मिळालेले नाही. ही उपेक्षा केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. युद्धनौकेला विजय-पराजयाची कथा असते आणि प्रवासी जहाजाला नामवंत प्रवासी असतात. कोळसा वाहणाऱ्या जहाजाला यांपैकी काहीच नसते. तथापि ज्या काळात ते जहाज बांधले गेले त्या काळाचा व्यवहार, तंत्रज्ञान आणि श्रमाची किंमत यांविषयी असे जहाज जितके सांगते तितके क्वचितच दुसरे कोणते साधन सांगत असेल.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मेन राज्यातील बाथ या गावी १९०९ साली बांधलेल्या आणि मार्च १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'वायोमिंग' या सहा डोलकाठ्यांच्या स्कूनरचा विचार केला आहे. संदर्भग्रंथांत या जहाजाविषयी साधारणतः दोन विधाने आढळतात : एक, ते आजवर बांधल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या लाकडी जहाजांपैकी एक होते, दोन, ते वादळात सर्व खलाशांसह बुडाले. दोन्ही विधाने सत्य आहेत. परंतु ती नेहमी शेजारीशेजारी, एकमेकांना न शिवता उभी असतात. जहाजाचा आकार आणि जहाजाचा अंत यांत काही नाते होते काय, हा प्रश्न मांडला की वादळाबरोबरच कोळशाचा दर, किनारी वाहतुकीचा कायदा आणि लाकडाचा स्वभाव यांच्याकडेही पाहावे लागते.

कोळशावर जगणारे शीड

स्कूनर हा शिडाच्या जहाजाचा एक विशिष्ट प्रकार होय. चौकोनी शिडांच्या मोठ्या जहाजांत परबाणे डोलकाठीला आडवी असतात आणि शिडे सोडण्या-गुंडाळण्यासाठी खलाशांना उंच चढावे लागते. स्कूनरची मुख्य शिडे जहाजाच्या लांबीच्या दिशेने, नाळेकडून मागच्या बाजूकडे लावलेली असतात व ती खालूनच दोरांनी ओढता येतात. त्यामुळे माणसे कमी लागतात आणि वाऱ्याच्या बरेच जवळून जाता येते. किनाऱ्याच्या कडेने, बदलत्या वाऱ्यात, ठरावीक बंदरांत ये-जा करण्यास हा प्रकार विशेष सोयीचा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्कूनरला जो मोठा व्यवसाय मिळाला तो कोळशाचा. न्यू इंग्लंडच्या राज्यांत कापडगिरण्या, रेल्वे आणि गॅसचे कारखाने होते, पण कोळशाच्या खाणी नव्हत्या. १८८० च्या दशकात ॲपलेशियन पर्वतातील कोळसा रेल्वेने व्हर्जिनियातील हॅम्प्टन रोड्सच्या बंदरांत, म्हणजे नॉरफोक व न्यूपोर्ट न्यूज येथे, उतरू लागला आणि तेथून बोस्टन, पोर्टलंड या बंदरांकडे जहाजांची रीघ लागली. परतीच्या फेरीत केनेबेक नदीवरील बर्फ दक्षिणेकडे जाई. न्यू इंग्लंडच्या बर्फाचा व्यापार मुंबईच्या इतिहासाला अपरिचित नाही. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने पाठविलेला बर्फ १८३४ साली मुंबईत उतरला होता. पुढे कृत्रिम बर्फामुळे तो व्यापार बसला. कोळशाचा मात्र वाढतच राहिला.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. वाफेच्या युगाने शिडाचे जहाज संपविले, असे आपण पाठ्यपुस्तकांत शिकवितो. या किनाऱ्यावर पंचवीस-तीस वर्षे नेमके उलट घडत होते. वाफेला लागणारा कोळसा वाहून नेण्याचे कामच शिडाच्या जहाजांना जगवीत होते. वारा फुकट होता आणि कोळसा नाशवंत माल नसल्यामुळे चार दिवस उशीर झाला तरी बिघडत नसे.

दुसरे कारण कायद्याचे. १८१७ च्या अमेरिकी कायद्याने देशातील एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेण्याचा धंदा परकीय जहाजांना बंद केला होता, आणि परदेशात बांधलेल्या जहाजांना तेथे सामान्यतः अमेरिकी नोंदणी मिळत नसे. त्यामुळे ब्रिटनमध्ये स्वस्तात तयार होणारी लोखंडी व पोलादी मालवाहू जहाजे या व्यापारात शिरू शकली नाहीत. अमेरिकी पोलादी जहाज महाग होते आणि लाकडी जहाज बांधण्याची विद्या मेनच्या नदीकाठी पिढ्यान्पिढ्या मुरलेली होती. संरक्षणाच्या या भिंतीआड लाकूड टिकून राहिले. एवढेच नव्हे, तर ते अन्यत्र कोठेही वाढले नसते इतके वाढत गेले.

दोन डोलकाठ्यांची स्कूनर तीन, चार व पाच डोलकाठ्यांची होत १९०० साली सहावर पोचली. त्या वर्षी 'जॉर्ज डब्ल्यू. वेल्स' आणि 'एलेनॉर ए. पर्सी' अशा दोन सहा डोलकाठ्यांच्या स्कूनर पाण्यात उतरल्या. जगात त्या जातीची दोनच जहाजे असताना १९०१ मध्ये केप कॉडजवळ ती दोन्ही एकमेकांवर आदळली, ही गोष्ट आज विनोदासारखी वाटते. तिच्यामागचे वास्तव मात्र गंभीर आहे. ही जहाजे चटकन वळत नसत आणि त्यांचा मार्ग अरुंद होता.

बाथ येथील बांधणी

सहा डोलकाठ्यांच्या ज्या नऊ लाकडी स्कूनर पूर्व किनाऱ्यावर बांधल्या गेल्या, त्यांपैकी सात एकट्या 'पर्सी अँड स्मॉल' या कारखान्याने बांधल्या. सॅम्युएल पर्सी हे समुद्र पाहिलेले कप्तान व फ्रँक स्मॉल हे त्यांचे भागीदार. हा कारखाना १८९४ मध्ये केनेबेकच्या काठावर सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो केवळ गिऱ्हाइकासाठी जहाज बांधून मोकळा होत नसे. जहाजाचे भाग विकून तेच जहाज स्वतःच्या व्यवस्थापनाखाली चालवीत असे. मेनमध्ये जहाजाची मालकी चौसष्ट भागांत विभागण्याची जुनी रीत होती. एखादा भाग कप्तान घेई, एखादा लाकडाचा व्यापारी, एखादा दूर राहणारा भांडवलदार. 'वायोमिंग' हे नावही असेच पडले. सागरकिनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या वायोमिंग राज्याचे गव्हर्नर ब्रायंट बी. ब्रुक्स यांनी या जहाजात पैसे गुंतविले होते. समुद्र नसलेल्या राज्याचे नाव या जातीच्या सर्वांत मोठ्या जहाजाला मिळाले ते भागभांडवलामुळे.

१५ डिसेंबर १९०९ रोजी 'वायोमिंग' नदीत उतरले. मुख्य सुतार माइल्स मेरी. खर्च सुमारे पावणेदोन लाख डॉलर. पुढचा-मागचा वासा धरून एकूण लांबी सुमारे ४५० फूट आणि नुसत्या डेकची लांबी सुमारे ३५० फूट होती. रुंदी ५० फूट, खोली ३० फूट आणि नोंदणीकृत भार ३,७३० टन. सुमारे सहा हजार टन कोळसा त्यात मावत असे. सांगाड्यासाठी ओक आणि फळ्यांसाठी दक्षिणेकडील पिवळा पाइन वापरला होता व बाहेरच्या फळ्यांची जाडी सहा इंच होती.

एवढे जहाज चालविण्यासाठी माणसे लागत तेरा-चौदा. तुलनेसाठी पाहावयाचे तर १९०२ मध्ये जर्मनीत बांधलेल्या 'प्रॉयसेन' या पाच डोलकाठ्यांच्या, चौकोनी शिडांच्या पोलादी जहाजावर चाळीसहून अधिक खलाशी असत. 'वायोमिंग'वर हा फरक भरून काढणारे साधन म्हणजे एक छोटे वाफेचे इंजिन. ते जहाज पुढे ढकलीत नव्हते. शिडे चढविणे, नांगर ओढणे आणि पंप चालविणे ही त्याची कामे. यांतील शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे होते.

लाकडाची लांबी

लाकडी जहाज हे एकसंध नसते. ते हजारो तुकड्यांचे, खिळ्या-बोल्टांनी जोडलेले एक जाळे असते. जहाजाचा मधला भाग रुंद असल्याने पाणी त्याला अधिक उचलून धरते. नाळ आणि मागची बाजू निमुळती असल्याने त्यांना तो आधार कमी मिळतो. परिणामी दोन्ही टोके खाली झुकू लागतात आणि जहाजाचा कणा, ज्याला कोकणातील सुतार 'पठाण' म्हणतात, मध्यभागी कमानीसारखा वर येतो. लाट मध्यभागाखालून जाते तेव्हा हा ताण वाढतो. दोन लाटांच्या मधोमध जहाज सापडते तेव्हा तो उलटा होतो. दर काही सेकंदांनी हे घडत असताना शेजारशेजारच्या फळ्या एकमेकींवर किंचित सरकतात आणि त्यांच्यामधील फटींत ठासलेले तंतू व डांबर सैल होऊन पाणी आत येते.

या दोषावर तिरक्या आधारांचा उपाय ब्रिटिश आरमारातील रॉबर्ट सेपिंग्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केला होता. 'वायोमिंग'मध्ये त्याचाच लोखंडी अवतार होता. प्रत्येक बाजूस सुमारे नव्वद तिरक्या लोखंडी पट्ट्या सांगाड्यावर जडविल्या होत्या. तरीही जोराच्या समुद्रात जहाज पिळवटे, लांब फळ्या वाकत व फटी उघडत. पंप चालू ठेवणे ही आणीबाणीची नव्हे, तर नित्याची बाब होती. लोखंडाच्या पट्ट्यांनी बांधलेल्या आणि वाफेच्या पंपाने तरत्या ठेवलेल्या या जहाजाला लाकडी शिडाचे जहाज म्हणताना थोडे अडखळल्यासारखे होते.

लाकडाच्या गुणाचा प्रश्न येथे कोणी उपस्थित करील. मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडिया यांनी १८१७ मध्ये मलबारी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे सुस्थितीत तरंगते आहे, तर पाइनच्या अमेरिकी स्कूनर पंधरा-वीस वर्षांत शिणत. पण ही तुलना टिकाऊपणाची झाली. लांबीचा प्रश्न वेगळा आहे. 'त्रिंकोमाली'ची तोफांच्या मजल्यावरील लांबी दीडशे फुटांच्या आसपास आहे. साग पाइनपेक्षा कितीतरी उशिरा कुजतो हे खरे. तथापि साडेतीनशे फूट लांबीच्या जहाजात शेकडो सांध्यांची एकत्रित हालचाल कोणत्याही लाकडाला चुकविता आली नसती. चीनच्या मिंग काळातील झंग ह याच्या जहाजांची चारशे फुटांहून अधिक सांगितली जाणारी लांबी खरी मानावी काय, या वादात अनेक अभ्यासक 'वायोमिंग'चा दाखला देतात तो यामुळेच. माझ्या मते तो दाखला योग्य आहे, मात्र निर्णायक नाही. लोखंडी पट्ट्या व पंप असूनही 'वायोमिंग' गळत होते, एवढेच त्यातून निश्चितपणे म्हणता येते.

मग बांधणाऱ्यांना हे कळत नव्हते काय? सात वेळा तेच जहाज बांधणाऱ्यांना न कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण कोळशाचे भाडे टनावर मिळे, आणि सहा हजार टनांच्या जहाजाला चार हजार टनांच्या जहाजापेक्षा दीडपट खलाशी लागत नसत. प्रत्येक वाढीव टनामागे नफा होता आणि प्रत्येक वाढीव फुटामागे ताण. पहिला हिशेब भागधारकांच्या वहीत उमटे. दुसरा जहाजाच्या तळाशी साचे व पंपाने बाहेर टाकला जाई.

युद्धाची तेजी आणि नंतर

पहिल्या महायुद्धाने जहाजभाड्यांना अभूतपूर्व तेजी आणली. १९१७ मध्ये 'वायोमिंग' मूळ खर्चाच्या जवळजवळ दुप्पट किमतीला विकले गेले. किनाऱ्यासाठी बांधलेल्या या स्कूनर आता अटलांटिक ओलांडू लागल्या आणि त्यांची संख्या झपाट्याने घटली. 'एडवर्ड बी. विन्स्लो' व 'ॲडी एम. लॉरेन्स' या १९१७ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर नष्ट झाल्या. 'एलेनॉर ए. पर्सी' १९१९ मध्ये युरोपच्या वाटेवर बुडाली. युद्ध संपताच भाडी कोसळली. पोलादी कोळसावाहू आगबोटी आणि बोटींमागे ओढले जाणारे तराफे यांनी तो व्यापार ताब्यात घेतला. 'पर्सी अँड स्मॉल'ने १९२० नंतर जहाज बांधले नाही. १९२१ मध्ये 'वायोमिंग' पुन्हा विकले गेले आणि मेनमधील पोर्टलंडच्या एका कंपनीकडे आले. मंदीच्या काळातील जुने जहाज, म्हणजे कमी दुरुस्ती आणि मिळेल तो माल.

मार्च १९२४

मार्च १९२४ च्या प्रारंभी कप्तान चार्ल्स ग्लेसेल यांच्या हाताखाली 'वायोमिंग' कोळसा भरून व्हर्जिनियाहून निघाले. जावयाचे होते कॅनडातील सेंट जॉन येथे. त्याच वेळी 'कोरा एफ. क्रेसी' ही पाच डोलकाठ्यांची स्कूनरही उत्तरेकडे निघाली होती. तीही 'पर्सी अँड स्मॉल'चीच, १९०२ साली बांधलेली.

या मार्गाचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय पुढील घटनेचा अर्थ लागत नाही. केप कॉडच्या दक्षिणेस, नॅन्टुकेट बेट व मोनोमॉय यांच्यामध्ये, वाळूचे दांडे सतत सरकत असतात. भरती-ओहोटीचा प्रवाह तेथे जोराचा असतो. त्यातून बाहेर पडण्याची अरुंद वाट म्हणजे पोलॉक रिप, आणि तिच्या खुणेसाठी तेथे दीपनौका नांगरलेली असे. हा टप्पा टाळता यावा म्हणून केप कॉडचा कालवा १९१४ मध्ये खुला झाला होता. पण पुढे पंचवीस फूट खोल केल्यावरही तो अरुंदच होता. त्यातून शिडावर जाणे अशक्य, आणि पूर्ण भरलेल्या 'वायोमिंग'ला ती खोलीही अपुरी. म्हणजे आकाराने त्याला जुन्याच धोक्याच्या वाटेवर बांधून ठेवले होते.

ईशान्येचे वादळ येत असल्याचे पाहून दोन्ही स्कूनरनी चॅथमच्या बाजूस पोलॉक रिपजवळ नांगर टाकले. ११ मार्चला वारा वाढला. 'क्रेसी'चे कप्तान पब्लिकोव्हर यांनी नांगर उचलून खुल्या समुद्राची वाट धरली. 'वायोमिंग' नांगरावरच राहिले. 'क्रेसी' मार खाऊन, पण तरंगत बाहेर पडली. 'वायोमिंग' पुन्हा कोणाला दिसले नाही. काही काळाने जहाजाचे अवशेष आणि नावाची फळी नॅन्टुकेटच्या किनाऱ्यावर लागली. एकही मनुष्य वाचला नाही.

ग्लेसेल यांनी नांगर का उचलला नाही, असा प्रश्न विचारणे सोपे आहे, आणि त्यात कप्तानाला दोषी ठरविण्याचा मोहही आहे. परंतु 'क्रेसी' २७३ फूट लांब होती. साडेतीनशे फुटांचे, जुने झालेले, काठोकाठ भरलेले जहाज त्याच वाऱ्यात तितक्याच मूठभर माणसांनी दांड्यांमधून वळवून बाहेर काढणे ही वेगळी गोष्ट होती. थांबले तर उथळ पाण्यातील उंच व तुटक लाटा कणा पिळवटणार आणि दोन लाटांमधील खळग्यात तळ वाळूवर आपटण्याचा धोका. निघाले तर दांड्यावर चढण्याचा धोका. २००३ मध्ये अमेरिकन अंडरवॉटर सर्च अँड सर्व्हे या संस्थेला मोनोमॉयजवळ 'वायोमिंग'चे अवशेष सापडले. म्हणजे जहाज जेथे थांबले त्या परिसरातच संपले.

लाकूड हेच एकमेव कारण, असा निष्कर्ष काढण्याआधी एक पोलादी उदाहरण तपासले पाहिजे. सात डोलकाठ्यांची 'थॉमस डब्ल्यू. लॉसन' १९०२ मध्ये पोलादात बांधली गेली. डिसेंबर १९०७ मध्ये इंग्लंडच्या सिली बेटांजवळ ती अशीच खडकाळ, उथळ पाण्यात वादळात नांगरावर सापडली आणि रात्रीत फुटली. दोघेच वाचले. तिच्या फळ्या सुटल्या नव्हत्या, कारण तिला फळ्याच नव्हत्या. दोन्ही घटनांत समान होते ते वेगळेच : अवाढव्य आकार, आपल्या बळावर चालण्यास इंजिनाचा अभाव, वळण्यातील जडपणा आणि मोजकी माणसे. लाकडाने 'वायोमिंग'चा अंत जवळ आणला असेल. त्या जागी, त्या अवस्थेत त्याला आणून ठेवले ते टनामागच्या हिशेबाने.

माणसांचा हिशेब

'वायोमिंग'ची रुंदी व खोली इंचापर्यंत नोंदलेली आहे. भार, शिडांची संख्या, फळ्यांची जाडी, लोखंडी पट्ट्यांची मोजदाद हे सर्व उपलब्ध आहे. त्या रात्री जहाजावर किती माणसे होती याविषयी मात्र साधनांत एकवाक्यता नाही. कोणी तेरा म्हणतात, कोणी चौदा. किनारी स्कूनरवरील खलाशांत त्या काळी स्कॅन्डिनेव्हियातून आलेले आणि कृष्णवर्णीय अशांचा भरणा मोठा असे. फेरीपुरते घेतले जाणारे, बंदरागणिक बदलणारे हे लोक. जहाजाच्या चौसष्ट भागांचे हिशेब कागदोपत्री राहिले, कारण त्यांवर नफा वाटावयाचा होता. सागरी इतिहासाच्या अभ्यासकाने अशा साधनांवर काम करताना ही असमानता साधनांच्या टीकेचा भाग म्हणूनच हाताळली पाहिजे. आपल्याकडील बंदरांच्या जमाखर्चांतही गलबताचा माल व जकात तपशिलाने आणि खलाशी जाता जाता, अशीच मांडणी पुष्कळदा भेटते.

१९२४ च्याच जानेवारीत 'रूथ ई. मेरिल' ही सहा डोलकाठ्यांची स्कूनर मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील उथळ समुद्रात नष्ट झाली होती. 'वायोमिंग'नंतर उरली एकच, 'एडवर्ड जे. लॉरेन्स'. ती डिसेंबर १९२५ मध्ये पोर्टलंड बंदरात जळाली आणि तो वर्ग संपला. 'पर्सी अँड स्मॉल'ची जागा आज मेन मेरिटाइम म्युझियमच्या ताब्यात आहे. तेथे नदीकाठी 'वायोमिंग'ची नाळ, मागची बाजू आणि सहा डोलकाठ्या यांची मूळ आकाराची आकृती उभारली आहे, ती पोलादाची. 'कोरा एफ. क्रेसी'ने १९२८ पर्यंत माल वाहिला. त्यानंतर काही वर्षे ती तरंगते उपाहारगृह म्हणून वापरली गेली आणि १९३८ मध्ये मेनमधील ब्रेमेन येथे खेकड्यासारख्या लॉब्स्टरच्या पैदाशीच्या हौदाला लाटांपासून आडोसा म्हणून किनाऱ्याशी आणून बसविली गेली. तिचा लाकडी सांगाडा पुढे अनेक दशके त्या चिखलात झिजत उभा राहिला.